पेटके आहेत, मग लॅक्टिक ॲसिड कुठे गेलं?

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना तीन गोष्टी कराव्या लागतात: १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. गुण अनुक्रमे २०, १५ आणि १५. नागपुरात पहाटे पाचला रेशीमबागेत किंवा मानकापूरला चक्कर मारा, या ५० गुणांच्या मागे लागलेली पोरं हमखास दिसतील.

या प्रकरणातला मुलगा त्यांच्यातलाच. वय २१, घर मानेवाड्याकडे, वडील ऑटो चालवतात. गोळाफेकीत तो गटात पहिला-दुसरा. १०० मीटरची सुरुवात झकास, पण शेवटच्या तीस-चाळीस मीटरला पाय जड. १६०० मीटरची तर रोजची रड: पहिली फेरी संपता संपता मांड्या आखडायच्या, दुसऱ्या फेरीत पोटऱ्यांत पेटके. मैदानावरच्या प्रशिक्षकांचं निदान ठरलेलं होतं. "लॅक्टिक ॲसिड साठून राहिलं तुझ्या पायात. सराव वाढव, सवय होईल." पोरगा सराव वाढवत गेला.

एक खुलासा आधीच करतो. हे प्रकरण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ऊर्जाचयापचय शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. मुलगा, त्याचं घर आणि त्याच्या अहवालांतले आकडे रचलेले आहेत. आजार खरा आहे आणि स्नायूच्या आत जे घडतं तेही खरं आहे.

मे महिन्यातल्या एका सकाळी प्रशिक्षकांनी वेळ लावून १६०० मीटर पळवलं. एरवी दुखायला लागलं की हा थांबायचा, चालायला लागायचा. त्या दिवशी थांबला नाही. शर्यत संपल्यावर मांड्या इतक्या ताठरल्या की गुडघा वाकवता येईना. दुपारी लघवी झाली ती काळ्या चहाच्या रंगाची. आईनं कपाळाला हात लावला, "ऊन लागलं पोट्ट्याले," म्हणून पन्हं पाजलं. मे महिन्यात नागपुरात हा तर्क कुणीही आधी करेल, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो.

संध्याकाळी रुग्णालयात लघवीत पट्टी बुडवली तर 'रक्त' भरपूर. तोच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तांबडी पेशी एकही नाही. या विसंगतीला वैद्यकात दोनच मोठी उत्तरं आहेत: हिमोग्लोबिन सुटं होऊन लघवीत उतरलंय, किंवा स्नायूंमधलं मायोग्लोबिन (तिथे ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन). पट्टीला दोन्ही सारखेच, कारण ती दोन्हींत असलेल्या हीममधल्या लोहाला प्रतिसाद देते. फरक रक्ताच्या नळीत कळतो. हिमोग्लोबिन सुटलं असेल तर पेशी खाली बसल्यावर वर राहिलेला द्रव गुलाबी दिसतो. मायोग्लोबिन लहान रेणू असल्यानं मूत्रपिंडातून पटकन निघून जातं आणि द्रव स्वच्छ राहतो. इथे द्रव स्वच्छ होता. स्नायू फुटल्याची खूण असलेलं सीके हे विकर (एन्झाइम) मोजलं तर ४०,००० च्या वर. पुरुषांत ते साधारण २०० च्या आत असतं. सलाईन चढवलं, मूत्रपिंडांवर थोडा ताण आला होता तो चार दिवसांत उतरला, मुलगा घरी गेला.

विदर्भ म्हटल्यावर सिकलसेलचा विचार आलाच. सिकलसेलचा फक्त वाहक असलेला तरुणही उन्हात जिवावर उदार होऊन पळाला तर त्याचे स्नायू असे फुटू शकतात. तपासणी झाली, तो वाहक नव्हता. थायरॉईड ठीक. जिममधली पावडर, गोळ्या, काही नाही. उष्णता आणि अतिश्रम, एवढ्यावर फाइल बंद झाली असती.

ती बंद झाली नाही, कारण दीड महिन्यानं, पळणं पूर्ण बंद असताना, सीके पुन्हा केलं आणि ते १,४०० आलं. उन्हानं फुटलेला स्नायू इतक्या दिवसांत भरून येतो. विश्रांतीतही सीके चढंच राहतं म्हणजे स्नायूच्या आत काहीतरी कायमचं बिघडलेलं आहे. आता खरी गरज होती त्याला बोलतं करायची, आणि माझ्या मते या प्रकरणाचं निदान तपासण्यांच्या आधी इथेच झालं.

"पळताना नेमकं काय होतं?"

"सर, पहिले पाच-सात मिनिटं पाय बांधल्यासारखे होऊन राह्यते. मंग थोडा हळू चाललो का आपोआप मोकळे होते. मंग दोन घंटे चालवा, काही नाही होत."

"शाळेत असताना?"

"पीटीच्या तासाले रोज शिव्या. आळशी म्हणे मले."

आईनं भर घातली. "जिना चढताना मधातच उभा राहे. आम्हाले वाटे, नाटकं करते."

"उपवास केला तर चक्कर, घाम, असं काही?"

"चतुर्थी धरतो ना मी. काही नाही होत."

"आणि खाऊन पळालास तर?"

इथे तो जरा थांबला. "तर्री पोहे आन् गोड चहा घेऊन गेलो का बरं जाते. पण सर म्हणते, रिकाम्या पोटी पळाचं."

यातल्या प्रत्येक उत्तराला पेशीत एक जागा आहे. ती कळायला स्नायूचा खर्च कसा भागतो ते बघावं लागेल.

स्नायू आकुंचन पावायला आणि सैल पडायला एकच चलन चालतं, एटीपी. पेशीत ते साठवलेलं नसतंच म्हटलं तरी चालेल. जोरात काम केलं तर दोन-चार सेकंदांत संपेल एवढंच. म्हणून ते खर्चाच्या वेगानं पुन्हा बनवावं लागतं. सगळ्यात झटपट रस्ता क्रिएटिन फॉस्फेटचा: त्याच्याकडचा फॉस्फेट एडीपीला (म्हणजे एक फॉस्फेट खर्चून बसलेल्या एटीपीला) दिला की एटीपी तयार. ना ऑक्सिजन लागतो, ना साखर. पण हा साठाही दहाएक सेकंदांचा. (हा पदार्थ १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर ज्यांनी शोधला ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. स्नायूतलं एटीपी ओळखण्यातही त्यांचा हात आहे. आपल्याकडे फॉस्फरस मोजण्याची 'फिस्क-सुब्बाराव पद्धत' पाठ करणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो आणि दरवर्षी वर्ग गप्प असतो.)

गोळाफेक या साठ्यातच आटोपते. ७.२६ किलोचा गोळा फेकायला दोन सेकंदही लागत नाहीत. आपला मुलगा तिथे कमी पडत नव्हता, कारण त्याचं क्रिएटिन फॉस्फेट शाबूत होतं.

१०० मीटरला तेरा-चौदा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात दुसरा पुरवठा सुरू व्हावा लागतो. तो स्नायूतल्या ग्लायकोजेनचा. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची फांद्या फुटलेली साखळी. प्रौढ माणसाच्या स्नायूंमध्ये मिळून ती चारशे ग्रॅमच्या आसपास असते, यकृतात आणखी शंभरेक. मायोफॉस्फोरिलेज नावाचं विकर या साखळीच्या टोकाचा एकेक ग्लुकोज फॉस्फेट लावून तोडतं. तो ग्लुकोज-६-फॉस्फेट होऊन ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज फोडून ऊर्जा काढण्याच्या, वाटेला लागतो, आणि दहाएक पायऱ्यांनंतर पायरुव्हेट मिळतं. रक्तातून आलेल्या ग्लुकोजला पेशीत शिरल्यावर फॉस्फेट लावायला एक एटीपी खर्चावं लागतं, म्हणून त्याचं निव्वळ उत्पन्न दोन. ग्लायकोजेनमधून सुटलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट आधीच फुकट लागलेला असतो, म्हणून तीन. फरक किरकोळ वाटतो, पण खरी किंमत वेगाची आहे: हे इंधन पेशीच्या आतच पडलेलं आहे, रक्ताची वाट बघायची नाही.

पायरुव्हेटचं पुढे काय होतं ते कामाच्या जोरावर ठरतं. ऑक्सिजन पुरत असेल तर ते मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, जातं, १९३७ मध्ये हान्स क्रेब्स यांनी मांडलेल्या चक्रातून फिरतं, आणि एका ग्लुकोजमागे एकूण तीसेक एटीपी हाती लागतात. काम मायटोकाँड्रियांच्या आवाक्याबाहेर गेलं की पायरुव्हेटचं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच पेशीतलं रूप) होतं. ते होताना एनएडी हा ग्लायकोलिसिसला लागणारा मदतनीस रेणू मोकळा होतो आणि ग्लायकोलिसिस अडत नाही. म्हणजे लॅक्टेट बनतं म्हणूनच जोराचं काम पुढे चालू राहू शकतं.

आता मुलाचं म्हणणं परत लावून बघा. दहा सेकंदांपर्यंत ठीक, मग घसरण. पहिली पाच-सात मिनिटं वाईट, मग मोकळं. गोड चहानं बरं. उपवासानं काही नाही.

कणगी धान्यानं भरलेली आहे पण तिचं तोंडच उघडत नाही, अशी त्याच्या स्नायूची गत होती. मायोफॉस्फोरिलेज नाही. ग्लायकोजेन आहे, उलट नेहमीपेक्षा जास्तच साठलेलं, पण तोडता येत नाही. क्रिएटिन फॉस्फेट संपलं की रक्तातून ग्लुकोज आणि चरबीतून मेदाम्लं येईपर्यंत त्याला काढायची ती पाच-सात मिनिटं. रक्तपुरवठा वाढायला, यकृताला ग्लुकोज सोडायला, चरबीच्या पेशींतून मेदाम्लं निघून स्नायूपर्यंत यायला एवढा वेळ जातोच. एकदा ती आली की मायटोकाँड्रिया धडधाकट आहेतच. सोळा कार्बनचं पाल्मिटिक आम्ल एकटंच शंभराच्या वर एटीपी देतं. म्हणून हळू चालत राहिलं तर पाय 'आपोआप' मोकळे होतात. वैद्यकात या खुणेला 'सेकंड विंड' म्हणतात, आणि ती इतक्या ठळकपणे दुसऱ्या कुठल्याही स्नायूविकारात सापडत नाही.

१६०० मीटरची शर्यत पाच ते सात मिनिटांत संपते. म्हणजे या मुलाला नेमकी तेवढीच मिनिटं पळायचं होतं जेवढी त्याच्या स्नायूकडे इंधन नव्हतं. कुणी मुद्दाम ठरवलं असतं तरी याहून वाईट अंतर सापडलं नसतं.

उपवासानं काही होत नाही याचंही उत्तर यातच आहे. यकृताचं फॉस्फोरिलेज वेगळ्या जनुकातून बनतं आणि ते शाबूत आहे. उपाशीपोटी रक्तातली साखर तेच सांभाळतं. गोड चहाचं काम सरळ: बाहेरून आलेला ग्लुकोज बिघडलेल्या पायरीला वळसा घालून पुढच्या पायरीवर दाखल होतो. ही खूण निदानात फार मोलाची. कारण ग्लायकोलिसिसमध्येच पुढे, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकराच्या पायरीवर अडथळा असेल (तारुई आजार, १९६५), तर पेटके तसेच येतात पण साखर खाऊन फायदा होत नाही, उलट त्रास वाढतो: ग्लुकोज त्या पायरीपुढे सरकत नाही आणि साखरेमुळे मेदाम्लंही कमी सुटतात. मेदाम्लं मायटोकाँड्रियात नेण्यात दोष असेल तर सुरुवात छान जाते. त्रास होतो तो दीर्घ श्रमानं आणि उपाशीपोटी, आणि मधल्या काळात सीके बहुधा नॉर्मल असतं. चहा-पोह्यांच्या एका उत्तरानं दोन आजार यादीतून जवळजवळ उडाले.

प्रशिक्षकांच्या लॅक्टिक ॲसिडकडे वळू. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, शंभर वर्षांपूर्वी सगळं जग तेच म्हणत होतं. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं की थकलेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड साठतं. मग हिल आणि मायरहॉफ यांच्या कामातून, ज्याला १९२२ चं नोबेल मिळालं, लॅक्टिक ॲसिड हाच स्नायूच्या आकुंचनाचा गाभा असल्याचं चित्र पक्कं झालं. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूला आयोडोॲसिटेट हे विष देऊन ग्लायकोलिसिसच बंद पाडलं. स्नायू तरीही आकुंचन पावत राहिला, लॅक्टिक ॲसिडचा थेंबही न बनवता, आणि क्रिएटिन फॉस्फेट संपल्यावर ताठ होऊन बसला. सिद्धांत कोसळला. पण मैदानावरची भाषा काही बदलली नाही.

१९५१ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या ब्रायन मॅकआर्डल यांच्याकडे लहानपणापासून श्रमानं स्नायू दुखणारा तिशीचा माणूस आला. व्यायामानंतर त्याच्या रक्तातलं लॅक्टेट वाढायला हवं होतं, ते वाढलंच नाही. लुंड्सगार्डच्या विषबाधा झालेल्या बेडकाशी असलेलं साम्य मॅकआर्डल यांना तिथेच दिसलं. नेमकं कुठलं विकर नाही हे १९५९ मध्ये कळलं, आजाराला मात्र त्यांचंच नाव राहिलं: मॅकआर्डल आजार. आपल्या मुलाला झालेला आजार तो हाच. पुढे १९८१ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं अशा रुग्णाच्या हाताचा स्नायू काम करत असताना फॉस्फरसच्या चुंबकीय अनुनादानं तपासला. आम्लता वाढलीच नाही. निरोगी माणसाचा स्नायू जिथे आम्ल होतो, तिथे याचा झाला नाही, आणि पेटके तरीही आले.

म्हणजे "साठलेल्या" लॅक्टिक ॲसिडचा उपदेश ज्याला रोज ऐकावा लागला, त्याच्या पायांत ते बनतच नव्हतं. त्याचं दुखणं ऊर्जेच्या तुटवड्याचं होतं. तुटवड्यात एडीपी साठतो, कॅल्शियम परत आत ओढणारे पंप मंदावतात, स्नायू सैल पडू शकत नाही. एवढं झाल्यावरही जोर लावतच राहिलं तर पेशीचं आवरण फाटतं आणि मायोग्लोबिन, सीके, पोटॅशियम सगळं रक्तात सांडतं. मे महिन्यात झालं ते हेच. वेदना त्याला थांब म्हणत होती आणि आजवर तो थांबत होता, म्हणून मूत्रपिंडं वाचली होती.

तपासण्या आता फक्त शिक्कामोर्तबासाठी होत्या. स्थिर सायकलवर हलका, न बदलणारा भार लावून पंधरा मिनिटं बसवलं. सहाव्या-सातव्या मिनिटाला नाडी १५० पर्यंत गेली, मुलगा घामाघूम. दहाव्या मिनिटाला, भार तोच असताना, ती १२० वर उतरली आणि तो गप्पा मारायला लागला. वर्गात हा आलेख दाखवला की पोरांना बाकी काही सांगावं लागत नाही.

दुसरी तपासणी हाताची. मुठीनं मिनिटभर जोरात दाबायचं, मग ठरावीक अंतरानं रक्त घेऊन लॅक्टेट आणि अमोनिया मोजायचे. पूर्वी दंडावर पट्टा आवळून रक्तपुरवठा तोडत. त्यात या रुग्णांचा हात आखडून बसायचा धोका असतो, म्हणून आता पट्ट्याशिवाय करतात. नागपुरात एक पथ्य जास्तीचं: अमोनियाची नळी काढल्या क्षणी बर्फात गेली पाहिजे, नाहीतर आकडा नळीतच वाढतो. अहवालात लॅक्टेटची रेघ आडवी, अमोनिया मात्र नेहमीपेक्षा बराच वर. दोन्ही मोजण्यात हाच हेतू. दोन्ही सपाट आले असते तर मुठीत जोरच लावला नसल्याची शंका आली असती. अमोनिया चढला म्हणजे त्यानं प्रामाणिकपणे दाबलं होतं आणि टंचाईत पेशी एएमपीचं (एडीपीहूनही एक फॉस्फेट कमी असलेल्या रेणूचं) विघटन करत होती, त्यातून अमोनिया सुटतो. जनुकतपासणीत मायोफॉस्फोरिलेज बनवणाऱ्या पीवायजीएम या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. स्नायूचा तुकडा काढायची गरज उरली नाही.

औषध नाही. पण शिकवण्यासारखं बरंच होतं. कुठलंही काम पहिली दहा मिनिटं हळू सुरू करायचं, पेटका यायच्या आधी थांबायचं, नाडी उतरली की मग वेग. रोज चालणं किंवा सायकल चालू ठेवायची. घाबरून बसून राहिलेल्या रुग्णाची अवस्था आणखी बिघडते, कारण मायटोकाँड्रिया आणि हृदयाची ताकद हेच त्याचं भांडवल आहे. बंद पडलेली गाडी ढकलणं, भरलेला सिलिंडर जिन्यानं नेणं, वजन उचलून धरून ठेवणं, हे टाळायचं. दम कोंडून एकाच जागी जोर लावला की स्नायूतला रक्तप्रवाह दबतो आणि तिथे 'सेकंड विंड' येऊच शकत नाही. ठरलेल्या श्रमाच्या पाच मिनिटं आधी सदतीसएक ग्रॅम साखर घेतल्यानं सुरुवातीचा काळ सुसह्य होतो हे प्रयोगांत दिसलंय. ते म्हणजे सात-आठ चमचे, त्यामुळे रोजची सवय केली तर वजन वाढणार आणि त्याच पायांना ते वाहावं लागणार.

पुढचा प्रश्न त्यानं लगेच विचारला. "मंग साखर खाऊन १६०० मारता येईन का, सर?"

उत्तर नाही असंच होतं, आणि ते आडपडदा न ठेवता दिलं. साखर उंबरठा थोडा पुढे ढकलते. पण जिवाच्या आकांतानं पळायला ज्या वेगानं एटीपी लागतं तो वेग रक्तातल्या ग्लुकोजला गाठता येत नाही. गुणांच्या ओढीनं पेटक्यातून पळाला तर पुन्हा काळी लघवी, आणि पुढच्या वेळी डायलिसिसही. तो बराच वेळ काही बोलला नाही. वडील म्हणाले, "आता दुसरी परीक्षा पाहू." मैदानी चाचणी नसलेल्या भरतीचे अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात भरले.

त्याच्याजवळ एक कार्ड दिलंय. आजाराचं नाव, विश्रांतीतलं सीके (पुढे छातीत दुखून कुठे गेला तर वाढलेलं सीके बघून घोळ होऊ नये म्हणून), लघवी गडद झाली तर लगेच दाखल करणे, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं) देताना सावधगिरी, शस्त्रक्रियेत हातापायावर आवळपट्टा शक्यतो टाळणे.

आजार व्हायला जनुकाचा दोष आई आणि वडील दोघांकडून आला पाहिजे, एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक राहतो आणि त्याला सहसा त्रास होत नाही. आईवडील मामे-आते भावंडं आहेत. धाकटी बहीण १७ वर्षांची. तिलाही हा आजार असण्याची शक्यता चारात एक. तिचं सीके १०० च्या आत आलं आणि जिना ती न थांबता चढते. वाहक आहे की नाही हे तपासायचं का, ते तिनं अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः ठरवावं असं घरच्यांना सांगितलंय. आईला ते पटलं. आजीचं म्हणणं, मामाची पोरगी करायची रीत आमच्यात पिढ्यान् पिढ्या आहे, आजवर कोणाले काही झालं नाही.